आर्विडच्या घरात माणसं किती

आर्विड सोल्बर्गच्या घरात माणसं किती राहतात, हा प्रश्न टॅमरॅक फॉल्स गावात कधी कोणाला पडला नव्हता. पडला असता तरी कोणी विचारला नसता. मिनेसोटाच्या त्या टोकाला दुसऱ्याच्या घरात डोकावणं चोरीपेक्षा वाईट समजतात. चोराला निदान काहीतरी हवं तरी असतं. शेवटी तो प्रश्न पडला सरकारच्या कर खात्याला, आणि तोही ऐन नोव्हेंबरात. नोव्हेंबरात तिथलं तळं गोठायला लागतं, आणि त्याच सुमाराला माणसांची तोंडं मिटतात ती एकदम एप्रिलात उघडतात.

खात्याचं पत्र अगदी सभ्य होतं. आपण गेल्या साली एक मूल दत्तक घेतल्याचे दाखवून करात सवलत व परतावा मागितला आहे, याबद्दल अभिनंदन. कोर्टाचा हुकूम पोचला. मात्र सदर मूल आपल्याच घरी राहते, याविषयी आमची खात्री पटलेली नाही. तरी पुरावा धाडावा.

आर्विडने ते पत्रपेटीपाशी उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली, उघडून पुन्हा वाचलं. तो छप्पन्न वर्षांचा होता, बिनलग्नाचा होता आणि गावाच्या पाणीपुरवठ्यावर कामाला होता. गाव आंघोळीला कधी जातं, कपडे कधी धुतं, टीव्हीवरचा सामना मध्येच थांबला की सगळं गाव एकदम संडासाला कसं पळतं, हे त्याला टाकीवरच्या काट्यावरून बसल्या जागी कळायचं. त्या गावातल्या माणसांना काय म्हणायचं असतं, तेवढं मात्र कळायचं नाही.

सदर मूल त्या वेळी माडीवर होतं. त्याचं नाव मार्नी, वय सोळा. सरकारी समाजसेविकाबाई ठेवतील तशी या घरातून त्या घरात ती लहानपणापासून फिरत आली होती आणि दोन वर्षांपूर्वी आर्विडकडे पोचली होती. मागल्या नोव्हेंबरात कोर्टाने दत्तकावर शिक्का मारला, तेव्हा जज्जबाईंनी रिवाजाप्रमाणे तिच्या हातात एक कापसाचं अस्वल दिलं. मार्नी जज्जबाईंपेक्षा वीतभर उंच होती. तिने अस्वलाला वरून ‘थँक यू’ म्हटलं, आर्विडने हात पुढे केला, तिने तो हलवला आणि दोघं घरी आली. समारंभ संपला.

आता आर्विडला पैशाचं काहीच नव्हतं असं नाही. माडीवरच्या खोलीत हीटर नव्हता. परतावा आला की तो बसवायचा, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. मार्नीला ते सांगितलं नव्हतं, कारण तो कोणालाच काही सांगत नसे. “थंडी वाजते का गं वर?” असं तो अधूनमधून विचारायचा. “नाही, ठीक आहे,” असं ती कोट घालून म्हणायची.

पण पैशापेक्षा त्याला बोचलं ते एक वाक्य. ‘सदर मूल आपल्याच घरी राहते, याविषयी खात्री पटलेली नाही.’ हे वाक्य मार्नीच्या नजरेला पडता कामा नये, एवढंच त्याला त्या थंडीत उभं राहून सुचलं. म्हणून त्याने पत्र फ्रीजरमध्ये, वॉलाय माशांच्या खाली दडवलं. मार्नी शनिवारी गळाच्या आमिषाच्या दुकानात काम करायची. दिवसभर जिवंत मासोळ्या मोजून विकणारी मुलगी घरी आल्यावर माशाचं तोंड बघत नसे. जागा पक्की होती.

दर मंगळवारी लायब्ररीत क्लेटन बर्गस्ट्रॉम लोकांना कराबाबत फुकट सल्ला देत बसायचा. तो निवृत्त दंतवैद्य होता आणि कागदाकडे अजूनही, जरा आ करावा म्हणजे बघतो, अशा नजरेने बघायचा.

“हे काही दुखणार नाही,” तो म्हणाला. आर्विड घाबरला, कारण दुखायच्या आधी क्लेटन हेच म्हणत असे. “शाळेचं पत्र, डॉक्टरचं पत्र, शेजाऱ्याचा जबाब. झालंच तर पाद्र्याचा दाखला. मार्चमध्ये तुझा अर्ज कॉम्प्युटरने परत फेकला होता ना?”

“हो. म्हणून टपालाने धाडला.”

“तेव्हाच मला वास आला होता. मुळाशी कीड आहे.”

“मग तेव्हा का नाही बोललास?”

“तू विचारलं नाहीस,” क्लेटन म्हणाला. हे उत्तर त्या गावात पुरेसं समजतात.

पुरावा म्हणून आधी घराचे फोटो काढावेत, असं आर्विडच्या मनात आलं. मार्नी शाळेत असताना तो कॅमेरा घेऊन घरभर फिरला आणि पहिल्यांदाच त्याच्या ध्यानात आलं की सरकारचं फारसं चुकलेलं नाही. बशी ती जेवल्या जेवल्या धुऊन ठेवायची. बूट पायरीवर नव्हते, खोलीत नेऊन ठेवलेले. न्हाणीघरात एकच टूथब्रश होता, तो आर्विडचा. मार्नीचा ब्रश तिच्या हिरव्या कॅनव्हासच्या बॅगेत, प्लास्टिकच्या पिशवीत. टॉवेल बॅगेत. पुस्तकं बॅगेत. बॅग पलंगाखाली. इतक्या घरांतून राहून मुलीने एक कला कमावली होती: कुठल्याही घरात आपला माग ठेवायचा नाही. भिंतीवर खिळासुद्धा नाही. खिडकीत ते कोर्टातलं अस्वल मात्र बसलेलं होतं, तेही पाहुण्यासारखं, कडेला.

आर्विडने अस्वलाचा फोटो काढला. मग त्याला वाटलं, छप्पन्न वर्षांच्या एकट्या पुरुषाने अस्वलाचा फोटो सरकारला पाठवला तर प्रकरण वेगळ्याच खात्याकडे जाईल. त्याने तो पुसून टाकला.

शाळेतल्या बाई खुशीत होत्या. त्या सगळ्यांशीच खुशीत असायच्या.

“पत्र ना? देते की! फक्त मुलगी तुमच्याच घरी राहते याचा काहीतरी पुरावा आणा.”

“तोच तर मला तुमच्याकडून हवाय.”

“हो का? मग मिळाला की आणा, लगेच पत्र देते.”

आर्विडने दोनदा आभार मानले आणि तो बाहेर आला. बाई कर्तव्यदक्ष होत्या. त्यांनी तेवढ्यात मार्नीला वर्गातून बोलावून घेतलं आणि विचारलं, “अगं, पत्ता अजून तोच आहे ना तुझा?”

त्या रात्रीच्या जेवणाला मार्नी म्हणाली, “शाळेत पत्ता विचारला आज.”

“असं?” आर्विडने बटाट्यात डोकं घातलं.

“जुनाच सांगितला. म्हणजे इथला. चाललं ना?”

“हो, हो. चाललं.”

“बरं.”

मार्नीने बशी धुतली, पुसली, आणि त्या दिवशी आर्विडचीही बशी धुतली. आर्विडला वाटलं, पोरगी रुळली.

डॉक्टरकडचं पत्र आलं. त्यात मार्नीचं वजन, उंची आणि एकही दात किडका नसल्याचं लिहिलं होतं. राहण्याबद्दल अक्षर नव्हतं. मग उरल्या शेजारच्या बर्निसबाई ओडेगार्ड. त्या विधवा होत्या, आणि कोणाच्या घरी काही घडलं की हॉटडिशचं भांडं घेऊन हजर व्हायच्या. खाली मांस, मध्ये डब्यातलं सूप, वर बटाट्याच्या गोळ्यांची फरसबंदी. हॉटडिश त्यांनी तीनदा पुढे करायची, आर्विडने दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायची, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा करार होता. गेल्या नोव्हेंबरपासून भांडं दुप्पट मोठं झालं होतं. का, ते कोणी विचारलं नव्हतं.

“जबाब?” बर्निसबाई दचकल्या. “म्हणजे मी तुझ्या घरात बघते, असं लिहायचं?”

“नाही हो. फक्त मार्नी राहते एवढंच.”

“म्हणजे तेच की. अरे, मी आयुष्यात कोणाच्या खिडकीत बघितलं नाही, आणि आता सरकारला कळवू होय?”

पण शेजारधर्म मोठा. रात्रभर विचार करून त्यांनी जबाब लिहिला. तो असा:

‘आर्विड सोल्बर्ग हा सज्जन माणूस आहे. त्याच्या घरी कोण राहतं हे बघायची मला सवय नाही. सकाळी लाल टोपी घालून बसची वाट बघत उभी असते ती मुलगी मी पाहिलेली नाही. माडीवरच्या खोलीत दिवा उशिरापर्यंत असतो, हेही मला माहीत नाही. तिथे खूप थंडी असावी, पण ते बोलणारी मी कोण.’

आर्विडने तो तसाच पाठवला. सोबत त्याने आपल्या परीने सगळ्यांत भक्कम पुरावा जोडला: घराच्या पाण्याचा आलेख. मार्नी आल्यापासून घराचं पाणी तिप्पट झालं होतं. शनिवारी दुकानातून आली की पाणी चढायचं. शाळेत परीक्षा असली की चढायचं. तिच्या आईच्या आठवणीचा एक दिवस असायचा मार्चमध्ये. त्या दिवशी तर काटा खालीच यायचा नाही. खाली स्वयंपाकघरात उभं राहून पाण्याचा आवाज थांबेपर्यंत आर्विड थांबला होता आणि मग बॉयलर वाढवला होता. आलेखात ते सगळं लाल पेन्सिलीने आलं. आपण एवढं खासगी काहीतरी सरकारला पहिल्यांदाच लिहितोय, असं त्याला वाटून गेलं.

खात्याचं उत्तर आलं. ‘पाणी वापरणाऱ्या व्यक्तीची ओळख पाण्यावरून पटत नाही. गळती असल्यास नळ दुरुस्त करून घ्यावा. शेजाऱ्यांनी मुलीला पाहिले नसल्याची नोंद घेतली आहे.’

हेही पत्र वॉलायखाली गेलं.

मग त्याने फोन केला. खात्याच्या फोनवर आधी संगीत लागतं. ते ऐकता ऐकता त्याने भांडी लावली, दारातला बर्फ लोटला, आत आला तर संगीत तिथेच होतं. खरं सांगायचं तर त्याला ते बरं वाटायला लागलं होतं. दुपारच्या वेळी त्या घरात एरवी फ्रीजच बोलायचा. इतक्यात फोनवर एक बाई आल्या.

“सर, तुमची अडचण दिसतेय मला इथे. हा मुलीचा सरकारी ओळख क्रमांक दुसऱ्याही कोणीतरी आपल्या अर्जात लावलाय.”

“दुसऱ्या कोणी?”

“ते सांगता येत नाही सर. गुप्तता असते.”

“पण ती माझी मुलगी आहे.”

हे वाक्य आर्विडने मोठ्याने पहिल्यांदाच उच्चारलं होतं. मार्नीपाशी नव्हे, बर्निसबाईंपाशी नव्हे, तर कुठल्यातरी लांबच्या शहरातल्या अनोळखी बाईपाशी. त्याचे कान लाल झाले.

“त्यांचाही दावा आहे सर,” बाई म्हणाल्या. “आणखी काही मदत करू?”

आर्विडला फोन ठेववेना. “तुमच्याकडे बर्फ पडतोय का?”

“आमच्याकडे ऊन आहे सर.”

“बरं आहे,” आर्विड म्हणाला.

त्या दिवसापासून आर्विडच्या डोक्यात एक माणूस राहायला आला. त्याने त्याचं नाव डेल ठेवलं. डेल उंच होता, दाढीवाला होता, मोठ्याने हसायचा. डेलकडे कुत्रा होता. डेलच्या घरात प्रत्येक खोलीला हीटर होता. जेवताना डेल मुलांना विचारायचा, “काय मग, आज काय केलंत?” आणि मुलं सांगायची. डेल मार्नीचा कोणी सख्खा असणार. मामा, नाहीतर आणखी कोणी. त्याला ती हवी होती. इतक्या वर्षांत तो आला नव्हता, एवढी एकच वाईट गोष्ट आर्विडला त्याच्यात सापडली होती, आणि तो तीच घोळवत बसायचा. टाकीवर काटे बघताना, पाइपाला कापड गुंडाळताना, त्याचं डेलशी भांडण चालायचं. भांडणात डेल जिंकायचा, कारण डेलला बोलता येत होतं.

तेवढ्यात बर्निसबाईंनी सुचवलं, “चर्चच्या तळघरातल्या जेवणाला घेऊन ये तिला. साठ माणसं बघतील. साठ जबाब.”

“पण तुम्ही तर बघत नाही म्हणालात.”

“मी नाही बघत. बाकीचे बघतात!”

आर्विड मार्नीला घेऊन गेला. साठ माणसांनी वर न बघता खाल्लं. एकाने मार्नीला विचारलं, “हवा बरी आहे ना?” ती म्हणाली, “याहून वाईट असते.” हे इतकं बिनचूक उत्तर होतं की सगळे खूश झाले आणि पुन्हा ताटात बघू लागले. शेवटी पाद्रीबाबांनी सगळ्यांना भिंतीपाशी उभं केलं. फोटो! तारीख, वार, साठ साक्षीदार आणि मध्ये मार्नी!

“कोण काढतं?” पाद्रीबाबांनी विचारलं.

“मी काढते,” मार्नी म्हणाली. ती नेहमीच म्हणायची.

फोटो छान आला. त्यात सगळं गाव होतं आणि आर्विड होता, शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.

डिसेंबर असा गेला. त्या महिन्यात एक गोष्ट आर्विडच्या लक्षात आली होती, पण तिचं काय करावं हे कळलं नव्हतं. हिरवी बॅग हलायला लागली होती. आधी ती पलंगाखाली असायची. मग खोलीच्या दारात दिसली. मग जिन्याच्या वरच्या पायरीवर. नाताळनंतर ती खाली आली आणि बुटांच्या कपाटाशेजारी बसली. आर्विड टाकीवरून आला की आधी बॅग बघायचा. डेलचं पत्र आलं असणार. डेलने बोलावलं असणार. आणि बोलावलं तर न जाण्यासारखं इथे काय होतं? थंड खोली, उकडलेला बटाटा, आणि एक मनुष्य जो विचारतो ते फक्त थंडीबद्दल.

एका संध्याकाळी तो बर्निसबाईंकडे रिकामं भांडं द्यायला गेला आणि दारातच उभा राहिला. निरोप घेऊन झाला, टोपी घालून झाली, दाराची मूठ धरून झाली, तरी हलेना. तिकडे निरोप लांबतोच, पण इतका नाही.

“बोल आता,” बर्निसबाई म्हणाल्या. “घर थंड होतंय माझं.”

“ती जाणार बहुतेक.”

“तिने सांगितलं?”

“नाही.”

“तू विचारलंस?”

आर्विडने बर्निसबाईंकडे असं बघितलं, जणू त्यांनी त्याला चौकात नाचायला सांगितलं होतं.

“अरे बाबा,” त्या म्हणाल्या, “घरात नको बोलूस. घरात कोण बोलतं? तळ्यावर ने. बर्फाच्या भोकाकडे बघत बसलं की माणूस खरं बोलतो, समोरच्याचं तोंड बघावं लागत नाही. माझ्या ओलेने मला लग्नाचं तिथेच विचारलं. मला आधी वाटलं, माशाला बोलतोय.”

शुक्रवारी रात्री आर्विडने पिझ्झा आणला आणि मार्नीला म्हणाला, “उद्या सकाळी निघायचंय. दुकानातून सुट्टी घे. गरम कपडे घे. सगळे घे.”

मार्नीने हातातला तुकडा खाली ठेवला. “बरं,” ती म्हणाली.

सकाळी ती तयार होती. लाल टोपी, कोट, मांडीवर हिरवी बॅग. शाळेच्या रस्त्यावरून जाताना तिने शाळेकडे बघितलं. दुकानावरून जाताना दुकानाकडे. आर्विडने मनात म्हटलं, बॅग भरून कपडे घेतले, शहाणी आहे. त्याने स्वतः रॉड घेतले होते, गिरमिट घेतलं होतं, कॉफीचा थर्मास घेतला होता आणि कोटाच्या आतल्या खिशात फ्रीजरमधली दोन्ही पत्रं. मासे ठेवायची बादली तेवढी घरी राहिली, फ्रीजरसमोर.

पिकअप गाडी रस्ता सोडून गोठलेल्या तळ्यावर उतरली, तेव्हा मार्नी सरळ बसली.

“इथे?”

“इथे.”

“कोण येणारे?”

“कोण येणार? नशीब असेल तर वॉलाय.”

आर्विडची मासेमारीची खोपी म्हणजे बर्फावर ठेवलेली एक लाकडी पेटी. त्यात दोन बाकं, एक शेगडी आणि जमिनीत एक झडप. त्याने गिरमिटाने भोक पाडलं. शेगडी पेटली. दोघं समोरासमोर बसली आणि काळ्या पाण्याकडे बघू लागली. बर्फ खालून कण्हत होता. आर्विड पहिल्या वाक्याची जुळवाजुळव करत होता. ‘मार्नी, डेल हा कदाचित चांगला माणूस असेल,’ इथपर्यंत आला होता.

“तुम्ही कागद गोळा करताय,” मार्नी भोकाला म्हणाली.

आर्विडने रॉड घट्ट धरला.

“शाळेचे. डॉक्टरचे. माहितीये मला ते. आधी कागद गोळा करतात. मग एकमेकांशी बारीक आवाजात बोलतात. मग शेवटच्या रात्री पिझ्झा असतो.”

“काल शुक्रवार होता!” आर्विड म्हणाला. “शुक्रवारी एकावर एक फुकट असतो!”

“मी रागावले नाहीये. फक्त कधी ते सांगा. आणि कुठे. ऐनवेळी गाडीत बसवलेलं मला आवडत नाही.”

घरातली सगळी न वापरलेली वाक्यं एकदम आर्विडच्या घशाशी आली आणि दारात गर्दी व्हावी तशी अडकली. शेवटी त्याने कोटात हात घालून पत्रं काढली. दोन्ही एकमेकांना चिकटली होती, लाकडासारखी कडक झाली होती आणि त्यांना माशाचा वास येत होता. त्याने ती शेगडीवर धरली. दोघं पत्र वितळायची वाट बघत बसली. घाई करता येत नव्हती. घाई केली तर फाटलं असतं.

घडी सुटली. मार्नीने वाचलं. दोन्ही वाचली. पाण्याच्या आलेखाबद्दलचा परिच्छेद तिने परत वाचला.

“मी किती वेळ आंघोळ करते ते तुम्ही सरकारला कळवलंत?”

“लाल पेन्सिलीने,” आर्विड म्हणाला. “तू इथेच राहतेस हे पटवायला. त्यांना पटेना. मला तुला ते दाखवायचं नव्हतं. कारण ते खरं नाही. म्हणजे... तू राहतेस. माझ्या मते. तुला जायचं असेल तर ते वेगळं. डेलकडे.”

“डेल कोण?”

“माहीत नाही. दुसऱ्या कोणीतरी तुझा क्रमांक लावलाय. ते नाव सांगत नाहीत, म्हणून मी ठेवलं. त्याच्याकडे कुत्रा आहे.”

मार्नीचे कान हळूहळू लाल झाले, अगदी आर्विडचे होत तसे. रक्ताचा काही संबंध नसताना.

“मी गेल्या जानेवारीत लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर फॉर्म भरला होता,” ती म्हणाली. “दुकानाच्या पगारातून कर कापतात, तो परत मिळतो असं दुकानात म्हणाले. अजून मिळाला नाही. त्यात एक प्रश्न होता. तुम्हाला आपल्यावर अवलंबून म्हणून दाखवू शकेल असं कोणी आहे का.”

“मग?”

“मी ‘नाही’वर खूण केली आणि माझा क्रमांक मीच लावला.” तिने टोपी खाली ओढली. “डेल बहुतेक मी आहे.”

आर्विड आधी हसला. हसताना त्याला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला. दाढी, कुत्रा, हीटर, सगळं भोकातून खाली गेलं. आणि मग, जरा उशिरा, दुसरी गोष्ट पोचली.

“कोर्ट त्याआधी नोव्हेंबरात झालं होतं.”

“हो.”

“आणि जानेवारीत तू ‘नाही’ म्हणालीस.”

“आजवरच्या प्रत्येक फॉर्मवर तेच लिहिलंय. हात सवयीने गेला. पत्तासुद्धा मी समाजसेविकाबाईंच्या ऑफिसचा घातला. घरं बदलायची, ऑफिस बदलायचं नाही. मलाही असंच पत्र आलं असेल तिथे, पडून असेल.” ती थांबली. “आणि विचारायला तुम्ही टाकीवर होतात.”

“घरी असतो तर विचारलं असतंस?”

मार्नीने प्रामाणिकपणे विचार केला. “नसतं.”

“मीही सांगितलं नसतं,” आर्विडही प्रामाणिकपणे म्हणाला.

बर्फ पुन्हा कण्हला. आर्विडने कॉफी ओतली. थर्मासला एकच झाकण होतं, ते त्याने तिला दिलं.

“दुरुस्तीचा अर्ज करावा लागेल तुला,” तो म्हणाला. “क्लेटन भरून देईल. काही दुखणार नाही म्हणेल, लक्ष देऊ नकोस. त्यात कारण लिहायचं असतं, का बदललं त्याचं.”

मार्नीने त्याच्याकडे पेन्सिल मागितली आणि पत्राच्या पाठीमागे, ओल्या कागदावर, कच्चं लिहून बघितलं. ते खोडलं. पुन्हा लिहिलं. मग कागद त्याच्याकडे सरकवला. ‘प्रश्न वाचला तेव्हा कोणी आहे असं वाटलं नव्हतं. आहे. त्याने मला हीटरबद्दल’ इथे वाक्य थांबलं होतं.

“हीटरचं काय लिहितेस? हीटरचं मी कुठे बोललो?”

“बर्निसबाई बोलल्या. परतावा आला की माडीवर हीटर लावणार आहात म्हणून. त्यांना क्लेटन म्हणाले. क्लेटनना दुकानदार म्हणाला, तुम्ही हीटरचे भाव विचारत होतात म्हणून. मला वाटलं, पुढच्या भाडेकरूसाठी असेल.”

“ते खोड,” आर्विड म्हणाला. “सरकारला कशाला सांगायचं. ‘आहे’ पुरे.”

तिने खोडलं.

त्याच वेळी आर्विडचा रॉड वाकला. वॉलाय होता, हातभर. त्याच्यामागून दुसरा. मग मार्नीच्या रॉडला एक, ज्याला बघून ती ओरडली, आणि ते ओरडणं आर्विडने या घरात, म्हणजे या खोपीत, कधी ऐकलं नव्हतं. मासे बाकाखाली फडफडत होते आणि बादली घरी होती.

मार्नीने हिरवी बॅग ओढली, उघडली आणि कपडे काढायला लागली. स्वेटर कोटावरच चढवला, त्यावर दुसरा. मोजे खिशात. पुस्तकं बाकावर. टूथब्रशची पिशवी तिने आर्विडच्या हातात दिली, “हे धरा.” मग वाकून पहिला वॉलाय उचलला आणि बॅगेत टाकला.

“अगं, अगं!” आर्विड म्हणाला. “गाडीत मागे नुसते टाकू, गोठतील आपोआप. बॅगेत नको. तो वास जन्मात जायचा नाही. त्यात पुन्हा कधी कपडे ठेवता येणार नाहीत.”

मार्नीने दुसरा मासा आत टाकला, मग तिसरा, आणि चेन कडेपर्यंत ओढली.

“माहितीये,” ती म्हणाली. “मी दुकानात काम करते.”